पाऊण तासात सगळी कॉलेजं

कॉलेज बघायला गेलं की एक पेन, एक कापडी पिशवी आणि एक किस्सा फुकट मिळतो. पेनं हरवतात, पिशव्या भाजी आणायला लागतात. किस्से मात्र साठतच जातात, आणि कोणीतरी "यंदा आमच्या पिंटूचं सीनियर इयर, म्हणजे बारावी" म्हणालं रे म्हणालं, की धबाधबा बाहेर पडतात!

आमचं रोड आयलंड म्हणजे अमेरिकेतलं सगळ्यात चिमुकलं राज्य. फ्रिस्कोला राहणारी माझी बहीण म्हणते, "तुमचं अख्खं राज्य आमच्या इथल्या ट्रॅफिकमध्ये अडकून बसेल!" बसू दे. पण इथे कुठल्याही घरातून निघा, पाऊण तासात हवं ते कॉलेज! टेकडीवरचं नामांकित, समुद्राकडचं स्टेटचं, चित्रकारांचं, पाद्र्यांचं, सगळी एकाच शनिवारी डाव्या-उजव्या हाताला. माझी गाडी सात सीटची, त्यामुळे दोन वर्षं मीच सगळ्यांना घेऊन फिरले. तेव्हा कुठलं कॉलेज कसं आहे ते मला विचारा. वेबसाइट नंतर बघा!

गाडीतली माणसं ठरलेली. मी, माझा नवरा शेखर आणि मुलगी इरा. माझी पुण्याची मैत्रीण वर्षा आणि तिचा मुलगा निहार. आणि मागच्या सीटवर देशमुख काका-काकू. काका नागपूरचे, इथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होते, आता रिटायर्ड. त्यांची मुलं केव्हाच शिकून सांता क्लाराला गेली. मग हे दोघं कशाला यायचे? काका म्हणत, "शनिवारी घरी बसून करू काय बाप्पा?"

*

पहिलीच टूर टेकडीवरच्या कॉलेजात. माहिती सांगणारी बाई फार गोड बोलत होती. प्रश्न विचारा म्हणाली आणि वर्षाचा हात वर!

"कट-ऑफ किती?"

बाई हसली. "आमच्याकडे कट-ऑफ नसतो. आम्ही फक्त मार्क बघत नाही, संपूर्ण माणूस बघतो."

निहारने मान खाली घातली. "आई, प्लीज, stop."

पण वर्षा पेठेतली! ती माझ्याकडे वळून चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "कळलं. म्हणजे मॅनेजमेंट कोटा!"

मागच्या रांगेतले एक तेलुगू गृहस्थ इतक्या जोरात हसले, की त्यांच्या बायकोने त्यांना बाहेर नेलं.

*

दुसऱ्या एका कॉलेजात पालकांना नमुन्यादाखल लेक्चरला बसवलं. विषय अर्थशास्त्र. प्रोफेसर शांत, आवाज एका सुरातला, बाहेर छान ऊन. दहा मिनिटांत मागची रांग पेंगायला लागली. पुढच्या दहात मधली. शेखर तर चक्क घोरत होता.

देशमुख काका मात्र टक्क जागे! सगळीकडे मान वळवून बघत होते. लेक्चर संपल्यावर ते उठले, प्रोफेसरांजवळ गेले आणि त्यांचा हात हातात घेतला.

"डॉक्टर, मी तीस वर्षं हेच काम केलं. पण मला प्रत्येकाला वेगळा डोस द्यावा लागायचा!"

प्रोफेसरांना काही कळलं नाही. त्यांनी मनापासून थँक्यू म्हटलं.

*

निहारचं एकच म्हणणं होतं. "I want to go far away." आणि वर्षाचंही एकच. "लांब गेलास तर खाशील काय?" घरात महिनाभर त्यावरून धुसफूस. मी दोघांना समुद्राकडच्या स्टेट कॉलेजात घेऊन गेले.

आता इथल्या लोकांचं अंतर म्हणजे एक वेगळंच प्रकरण आहे. अर्धा तास गाडी चालवायची म्हटलं तर आमचे शेजारी सँडविच बांधून घेतात! टूर देणाऱ्या मुलीने निहारला विचारलं, "कुठून आलास?" त्याने गावाचं नाव सांगितलं. तिने डोळे मोठे केले.

"ओ, बापरे! इतक्या लांबून? मग तुला हॉस्टेलमध्येच राहावं लागेल!"

आम्ही पंचवीस मिनिटांत पोचलो होतो.

निहारचा चेहरा असा फुलला म्हणता! "See, आई? It's far!"

"अरे, याहून लांब मी सायकलवरून क्लासला जायचे!" वर्षा करवादली. पण पोराचा चेहरा बघून गप्प झाली. दोघांच्याही मनासारखं झालं, हे तिच्याही लक्षात आलं असणार.

आता निहार तिथेच हॉस्टेलमध्ये राहतो, मजेत आहे. मंडळाच्या कार्यक्रमात कोणी विचारलं की वर्षा सुस्कारा सोडते. "लांब असतो हो माझा निहार. एवढंच बरं, की पोळ्या गरम पोचतात!"

*

एका कॉलेजाने हॉस्टेल दाखवायला नेलं. तळमजल्यावर मुलांचं सामाइक स्वयंपाकघर. तिथे हैदराबादचा एक मुलगा पातेल्यातली डाळ ढवळत उभा होता. काकूंनी वाकून बघितलं.

"फोडणी?"

"मला येत नाही, आंटी."

आमचा गाइड लायब्ररीबद्दल काहीतरी सांगत होता. तेवढ्यात काकूंनी तेल तापवलं. जिरं, लसूण, चार सुक्या मिरच्या...

अलार्म वाजला! चार मजल्यांची मुलं खाली, कोणी टॉवेलवर, कोणी उशी घेऊन. आगीचा बंब आला. फायरमन ओरडला, "काय जळतंय?"

काकूंनी अगदी ठामपणे सांगितलं, "Nothing is burning. It is only dal."

हैदराबादी मुलगा लॉनवर मांडी घालून ती डाळ खात होता आणि डोळे पुसत होता. मिरचीने की कशाने, त्यालाच ठाऊक.

गाइड मात्र तयारीचा गडी! पालकांकडे वळून म्हणाला, "आणि तुम्ही आत्ताच पाहिलंत, की आमची सेफ्टी सिस्टिम उत्तम चालते!"

*

आमच्या घरातलं भांडण वेगळंच होतं. इराला फर्निचर डिझाइन शिकायचं होतं. शेखर पूल बांधणारा इंजिनीअर. त्याने एकदाच विचारलं, "सुतारकामाची डिग्री?" त्यानंतर बापलेक आठवडाभर माझ्यामार्फत बोलत होते. "बाबांना सांग, मीठ पास करा" इथपर्यंत!

चित्रकारांच्या कॉलेजात तो आला, तो केवळ माझ्या धाकाने. वर्कशॉपमध्ये एक मुलगी खुर्ची घासत होती. केसांत लाकडाचा भुसा. शेखरने खुर्चीकडे बघितलं.

"लोड किती घेते?"

"बसून बघा."

तो बसला. ताठ, इंटरव्ह्यूला बसतात तसा.

"असं नाही," ती म्हणाली. "आता वाईट बसा. लोक खुर्चीत नीट बसतच नाहीत. आम्ही वाईट बसण्यासाठीच बनवतो."

शेखर मागे रेलला, दोन पायांवर झुलला, एका हातावर सगळा भार टाकला. खुर्ची कुरकुरलीसुद्धा नाही. मग हा माणूस इस्त्रीच्या पँटसकट जमिनीवर आडवा झाला आणि खुर्चीखाली डोकं घालून सांधे बघायला लागला!

"बाबा, please, लोक बघतायत!"

टूर पुढे गेली. आम्ही परत आलो तेव्हाही तो तिथेच. आता ती मुलगीही शेजारी आडवी, आणि दोघं एका खिट्टीवरून हुज्जत घालत होती.

गाडीत तो पँटवरचा भुसा झटकत बसला. हायवे लागल्यावर आठवड्यात पहिल्यांदा मुलीशी थेट बोलला.

"इरा, माझ्या पुलांवरून लोक नुसते निघून जातात गं. खुर्चीत निदान बसतात तरी. कर अप्लाय."

इराने खिडकीकडे तोंड फिरवलं. मला आरशात दिसत होती. रडत होती गधडी!

*

शेवटी राहिलं कम्युनिटी कॉलेज, कुठल्याही वयाच्या कोणालाही प्रवेश देणारं. तिथे बघायचं काही नव्हतं, खरं तर. निहारला उन्हाळ्यात गणिताचा एक कोर्स करायचा होता, म्हणून गेलो.

काउंटरवर एक वयस्क बाई होती. तिने निहारची चौकशी केली, माहिती दिली. मग सहज मागे उभ्या असलेल्या काकूंकडे बघून विचारलं, "आणि तुम्हाला काय शिकायचंय?"

आम्ही सगळे हसलो. काकू हसल्या नाहीत.

परतीच्या वाटेला लागलो. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मागून काकूंचा आवाज आला.

"जिऑलॉजी."

"काय?" काका म्हणाले.

"मला जिऑलॉजी शिकायचंय. दगडांचं."

"काहून?"

 काकूंचं माहेर लोणारचं, त्या उल्केच्या सरोवराजवळचं, आणि लग्न ठरलं तेव्हा त्या बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होत्या, एवढं मला माहीत होतं. सिग्नल हिरवा झाला.

सप्टेंबरात काकूंचं कॉलेज सुरू झालं. पहिल्या दिवशी काका सोडायला गेले. गाडी पार्क केली, काकूंची सॅक स्वतःच्या खांद्यावर घेतली, पाण्याची बाटली घेतली आणि निघाले बरोबर. दारापर्यंत गेले. काकूंनी आत डोकावून बघितलं. सगळी अठरा-एकोणीस वर्षांची पोरं.

त्यांनी काकांच्या खांद्यावरून सॅक काढून घेतली आणि हळूच म्हणाल्या,

"तुम्ही जा आता. कोणाचेच घरचे आत आलेले नाहीत!"