सारवलेल्या खळ्यावरचा चेंडू

साठ सालच्या आसपास आमचे हे फौजेतून घरी आले ते खांद्याला मार घेऊन. सोबत एक लोखंडी टोकाची काठी आणि पांढरा चेंडू. छावणीत साहेबांबरोबर गोल्फ खेळायचे म्हणे. तिथल्या मैदानावर शिकवायला माणूस हवा होता, होळीनंतर परीक्षा होती. खांद्यामुळे लांबचा फटका संपला होता. चेंडू अलगद ढकलून खळग्यात घालणं तेवढं पक्कं दाखवायचं होतं.

ज्वारी घरात आली होती, खळं रिकामं होतं. त्यांनी त्यात पत्र्याचा डबा पुरला. संध्याकाळी तापीवरून वारा यायचा, केळीची पानं सळसळायची आणि हे काठी धरून उभे. चेंडू सरळ निघायचा आणि डब्यापाशी हळूच उजवीकडे वळायचा. रोज तेच.

"खांदा दगा दी ऱ्हायना," म्हणायचे.

सासूबाई म्हणायच्या, "फौजमा हाईच शिकाडं का तुले?"

मला मात्र दिसत होतं. खळं मी सारवलेलं. माझा हात अर्धगोल फिरतो, शेणाचे वळ तसेच वाळतात आणि चेंडू त्या वळांच्या मागं जातो. सांगावं की गप्प बसावं? खरं तर हा माणूस परत जाऊच नये, असं मला वाटत होतं. वर्षानुवर्षं मी वाट पाहिली तेव्हा कुठं घरी आला होता. पण त्यांचं ते पडलेलं तोंड बघवेना.

"खांदा नही, मन्हा हात शे तो," मी म्हणाले.

मग वळ ओळखायची सवय व्हावी म्हणून मी मुद्दाम रोज वेगळ्या अंगानं सारवू लागले. हे उकिडवे बसून जमिनीवर तळवा फिरवायचे, मग मारायचे आणि मान वर न करता डब्यातला आवाज ऐकायचे. हळूहळू तो आवाज वाढत गेला. चुलीपाशी तो ऐकून मला बरं वाटायचं आणि आता हे जाणार, असंही वाटायचं.

परीक्षेहून परतले ते तडक खळ्यावर आले.

"पडना का चेंडू?" मी विचारलं.

"पडना. गवतवरबी हात फिराईसन देखं."

मी तोंड फिरवलं, पण रडू लपेना.

"कसाले रडी ऱ्हायनी? दोन खोल्या शेतस तठे. तू बी चाल. नही ते तठलं गवत कोन सारवी?"

इतके दिवस मी समजत होते की आपल्याच हातानं याला दूर धाडतेय, आणि हा वेडा दोघांसाठी खोल्या बघून आला होता.