टिचबटणांचं झबलं

माझ्या लेकीच्या अंगावर जुनेर चढणार नाही, हे मी ती पोटात असतानाच जाहीर केलं होतं. आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. बाबा ती सभांमधून आणायचे, मी मोठ्यानं वाचून दाखवायचे. दुसऱ्यांनी टाकलेले कपडे आपल्या माणसांना का घालावे लागले, हे मला बाराखडीसोबतच कळलं.

म्हणून बाळंतपणाला सक्करदऱ्याला माहेरी आले तेव्हा कोरं पिवळं कापड घेऊनच आले. आईच्या मशीनवर झबली शिवली. समोरून एकसंध दिसावीत म्हणून टिचबटणं पाठीला लावली. पहिलं झबलं जुन्या मऊ कापडाचं शिवतात, असं आई म्हणाली. मी तिला भाषण ऐकवलं. ती भाजी निवडत राहिली.

लेक झाली. आठवड्याभरात तिच्या गळ्याभोवती पुरळ उठलं. पाठीवर चार गोल लाल ठसे. कापडाची खळ मी धुऊन काढलीच नव्हती, आणि चोवीस तास पाठीवर पडून असणाऱ्या जिवाला ती बटणं रुततील, हे मला सुचलं नव्हतं. ती रडायची. मी तिला दुसरं कोरं झबलं घालायचे.

एका दुपारी आईनं पेटीतून पांढरी सुती साडी काढली. दरवर्षी दीक्षाभूमीवर जाताना नेसायची ती; धुऊन धुऊन सायीसारखी झालेली. तिनं कात्री उचलली तसा मी तिचा हात धरला. माझी मुलगी उतरलेलं घालणार नाही, म्हटलं.

"काहून वं?" आई शांतपणे म्हणाली. "हे कोनाचं फेकेल हाय का? माह्या कमाईची साडी हाय. मी देऊन राहिली माह्या नातीले."

मी बरीच पत्रकं लिहिली आहेत. हे वाक्य त्यांतल्या एकातही नव्हतं. मी हात सोडला.

तिनं कापलं, मी शिवलं. या वेळी बटणं समोर, एका कडेला; आतून कापडाची दुहेरी पट्टी. प्रत्येक बटण आधी माझ्या गालावर दाबून पाहिलं. लेकीला झबलं घातलं, हलकेच टिच टिच लावलं. ती कुरकुरली, मग डोळे मिटले.

आई पुढच्या झबल्यासाठी पदराकडे वळली. निदान पदर तरी ठेव, मी तिला म्हटलं.

"पदरच तं सगळ्यात मऊ हाय," ती म्हणाली, आणि कात्री पुढे सरकवली.