गुरुवारचं लग्न

आमच्याकडं लग्नात होमाजवळ नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो. नवरदेव उगाच तोंड वाकडं करतो, बाया हसतात, भावाला शर्टपीस नाहीतर टॉवेल-टोपी मिळते आणि भटजी पुढच्या मंत्राला लागतात. दिसायला सगळी चेष्टा. पण त्यातून जे सांगायचं असतं ते चेष्टेचं नसतं. हिच्या मागं कुणीतरी आहे, नीट वागव, एवढं चार माणसांत सांगून टाकायचं असतं.

माझ्या बहिणीच्या मागं मी एकटाच. ती बोट धरून चालायच्या वयात वडील गेले. मी नववीतनं शाळा सोडली आणि गावच्या एका ओळखीवर चाकणला आलो. तेव्हापासून चिखलीत खोली आणि चाकणमध्ये कंपनी, एवढंच माझं जग. बहीण मात्र बारावी झाली, वर शिवणाचा कोर्सही केला. तिचं लग्न ठरलं तेव्हा मुलाकडच्यांना रविवार हवा होता. आमच्या कंपनीची सुट्टी गुरुवारी. मी मामांना फोन केला, "मामा, गुरुवारचं बघा की काहीतरी." मामांनी रदबदली केली. मुलाकडची मंडळी कुरकुरली, त्यांच्या नोकरीवाल्या पाहुण्यांची पंचाईत होणार होती. पण नवरीला एकच भाऊ आहे म्हटल्यावर ऐकलं त्यांनी. त्यांचे मी मनातल्या मनात किती आभार मानले असतील.

आदल्या दिवसाची अर्धी सुट्टी मागायला सुपरवायझर साहेबांसमोर उभा राहिलो. मी कंत्राटी माणूस. सुट्टी मागितली की वाटतं, आता म्हणतील, कायमचीच घे. साहेबांनी हातातलं काम न सोडता विचारलं, "एकुलता भाऊ ना रे तू?"

"होय साहेब."

"मग अर्धी कसली मागतोस? बुधवार पूर्ण घे. शुक्रवारी पण इकडं तोंड दाखवू नकोस. आणि त्या दाजीचा कान असा पिळ, की आठवडाभर लाल राहिला पाहिजे."

लाइनवरची सगळी पोरं हसली.

खोलीतला एक दोस्त ट्रॅव्हल्सनं गावाकडं निघाला होता. तो मागं लागला, "भावा, चल माझ्यासंगं, पहाटे दारात उतरशील." पण बहिणीसाठी घेतलेलं शिलाई मशीन माझ्यासोबत होतं आणि ट्रॅव्हल्सवाला ते चढवून घ्यायला तयार नव्हता. त्यात माझं रेल्वेचं वेटिंगचं तिकीट कन्फर्म झालेलं. आमच्यासारख्याचं तिकीट कन्फर्म होणं म्हणजे काय, हे आमच्यासारख्यालाच कळतं. दोस्तही म्हणाला, "राव, मग रेल्वेच सोडू नको."

गाडी पुण्याहूनच उशिरा सुटली. पहाटे लातूरला उतरायचं, ते दिवस उजाडला तेव्हा आम्ही बार्शीच्या थोडंसं पुढं होतो आणि एका छोट्या स्टेशनात गाडी उभी होती. लग्न दुपारी बाराचं. अजून वेळ आहे, मी स्वतःला सांगितलं. गाडी मात्र हलेना. लोक खाली उतरून आळोखेपिळोखे देत होते. एक काका स्टेशन मास्तरकडं चौकशी करून आले.

"पुढं मालगाडीचं इंजिन बसलंय. लाइन एकच हाय. ते हलल्याबिगर आपलं काय न्हाई."

"किती वेळ लागेल?"

"अर्धा तास म्हणत्यात. आता त्यांचा अर्धा तास, बगा."

गाडी नुसती उशिरा असती तर सोसलं असतं. पण थांबावं की उतरावं, हे कुणी सांगत नाही. उतरलो आणि ती सुटली तर? थांबलो आणि ती सुटलीच नाही तर? बरीच माणसं पिशव्या खांद्याला लावून शेतातनं डांबरी रस्त्याकडं निघाली. ते काकाही निघाले. माझी बहीण बोहल्यावर चढणार हे तोवर अख्ख्या डब्याला माहीत झालं होतं. काका म्हणाले, "पोरा, चल की! रस्त्याला जीप भेटंल."

"मशीन आहे हो संगं."

त्यांनी सीटखाली वाकून बघितलं. स्टँडसकटचं मशीन. रस्ता कुठं दिसतही नव्हता. "मंग बस," ते म्हणाले, "सुटंलच आता." आणि गेले.

समोरच्या मावशींनी भाकरी पुढं केली. नको म्हटलं तर रागावल्या. "खा. भाऊच उपाशी पोचला तर नवरीला घास जाईल का?" मी खाल्ली. गाडी तिथंच.

अक्षता पडल्या तेव्हा मी फोन कानाला लावून दारात उभा होतो. सनई, मग नुसती खरखर, मग सनई. रेंज टिकत नव्हती. थोड्या वेळानं मामांचा फोन आला.

"कुठं आलास रे?"

"तिथंच आहे मामा."

"अरे, होम पेटलाय. भटजीला दुसरं लग्न आहे, तो थांबंना. कानपिळीला कुणाला बसवू? तूच सांग."

मागनं बहिणीचा आवाज आला. "थांबा म्हणावं त्यांना. दादा येतोय."

मी म्हणालो, "चुलत्याच्या पोराला बसवा." माझा आवाज चांगला ठणठणीत निघाला. फोन ठेवल्यावर मावशींनी तोंड खिडकीकडं केलं.

गावात पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. मांडववाले बांबू सोडत होते. आई उंबऱ्यात बसली होती. "गेली," म्हणाली. "फाट्यापर्यंत मागं वळून बघत होती म्हणे."

दिवाळीला मी मुराळी म्हणून बहिणीला आणायला गेलो. तिच्या सासूबाईंनी पाण्याचा तांब्या दिला आणि हसतच म्हणाल्या, "या. लग्नाला नाही जमलं, मुराळी म्हणून तरी आलात. तुमच्यासाठी गुरुवार धरला होता बरं का आम्ही."

"गाडी लेट झाली हो."

"होय, होय. गाडी." त्यांनी सासऱ्यांकडं बघितलं. दाजी मोबाइलमध्ये होते.

चहा आणायला मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. बहीण हळूच म्हणाली, "दादा, गाडीचं नको सांगू. मी सांगून थकले. गाडी काय दिवसभर लेट असती का, म्हणतात. भावाला येऊच वाटलं नसंल, म्हणतात. काहीही चुकलं की हेच निघतं." तिनं चहा गाळला. "मीच आता सांगितलंय की कंपनीनं सोडलं नाही. गुरुवारी पण कामावर बोलावलं. तू तसंच म्हण."

मी बाहेर येऊन बसलो. सासऱ्यांनी विचारलंच, "मग, खरंच सोडलं नाही व्हय कंपनीनं?"

मला साहेब आठवले. "नाही सोडलं," मी म्हणालो. "ऐनवेळी ओव्हरटाइम लावला. सांगायची लाज वाटली, म्हणून मघाशी गाडीचं म्हणालो."

सासूबाईंचा चेहरा एकदम मऊ झाला. "बाई गं. सख्ख्या बहिणीचं लग्न, तरीबी?"

"कंपनीवाले असलेच," सासरे म्हणाले. "माणूस मेला तरी मशीन बंद करायचे नाहीत. मग लेकराचा काय इलाज?"

दाजींनीही मोबाइल खाली ठेवला. "तुमचे साहेब लईच कडक दिसतात."

"हो," मी म्हणालो. "फार कडक आहेत."

बहीण दारात उभी होती. ती पुढं आली आणि माझ्या कपात आणखी थोडा चहा ओतला.