एंटर न दाबणारी माणसं

ठाण्याच्या एका कॉम्प्युटर डीलरने माझा एडिटर चोरला. एडिटर म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर लिहायचा प्रोग्रॅम. नव्वदच्या आसपास बोईसरच्या भाड्याच्या खोलीत मी तो लिहिला आणि बघायला म्हणून त्याला फ्लॉपी दिली. त्याने माझं नाव काढून स्वतःचं घातलं आणि तारापूरच्या एका रंगाच्या कारखान्याला विकला.

तिथले ऑपरेटर दामूदादा बेटेगावचे, माझ्या ओळखीचे; माझ्या खोलीवर त्यांनी हा एडिटर पाहिलेला. एकदा म्हणाले, "भाऊ, स्क्रीन तुमचीच वाटते. पण एक पान खाली जायचं तर चहा पिऊन होतो."

मी त्यांच्याबरोबर तडक कारखान्याचे मॅनेजर देसाई यांच्या केबिनमध्ये गेलो. डीलर तिथेच बसलेला. प्रोग्रॅम माझा आहे आणि तो रखडतोय, असं मी सांगताच तो देसाईंना म्हणाला,

"प्रोग्रॅम उत्तम आहे, साहेब. तुमच्या लोकांना ओळ संपल्यावर एंटर दाबायची अक्कल नाही."

दामूदादा दारातूनच कडाडले, "अक्कल हाय म्हणून नाय दाबत! प्लांटच्या पॅनेलवर एंटर दाबला का बॅच पुढं जाते. आमी त्या बटणाला भितो."

म्हणजे आख्ख्या शिफ्टची नोंद एकाच ओळीत! स्क्रीनच्या रुंदीत मावतात ऐंशी अक्षरं. त्यामुळे एडिटर लांब ओळ घड्या घालून दाखवतो. माझा प्रोग्रॅम प्रत्येक बटणाला पहिल्या अक्षरापासून घड्या घालायला बसे. जितकं खाली जाल, तितका उशीर. इतकी लांब ओळ कोणी लिहील, हे मला सुचलंच नव्हतं. चूक माझीच होती.

"आमचे इंजिनिअर बघतील," डीलर म्हणाला.

"बघू देत. पेज डाऊन दाबल्यावर मोजणी कुठून सुरू होते, तेवढं सांग."

तो बॅगेतलं माहितीपत्रक चाळू लागला.

मी देसाईंना म्हणालो, "दुरुस्त मी करतो. पण पहिल्या स्क्रीनवर माझं नाव येणार."

"आधी चालवून दाखवा."

"चाललं तर नाव याच टेबलावर बदलायचं. कबूल?"

"कबूल."

चार दिवसांनी नवी फ्लॉपी घेऊन गेलो. आता एडिटर लांब ओळीत ठरावीक अंतरावर खुणा ठेवत होता, रस्त्यावरच्या मैलाच्या दगडांसारख्या. जवळच्या खुणेपासून मोजायचं आणि स्क्रीनवर दिसेल तेवढ्याच घड्या घालायच्या. मध्ये काही लिहिलं, तर फक्त पुढच्या खुणा पुसायच्या.

दामूदादांनी शिफ्टची नोंद उघडली आणि पेज डाऊन दाबून धरलं. मजकूर सरसर वर पळाला.

"अरे, चहा राहिला की माझा!"

देसाईंनी डीलरला बोलावून घेतलं. त्याच्यासमोर, त्याच टेबलावर, मी त्याचं नाव पुसून माझं लिहिलं.

गिऱ्हाइकाचं बोट कुठल्या बटणाला घाबरतं, ते आधी बघावं. कोड नंतर लिहावा. हा धडा मी घेतला. डीलरने काय घेतला? माझं नाव का पुसलं आणि दामूदादांची अक्कल कशाच्या जोरावर काढली, याचं उत्तर त्याने अजून दिलेलं नाही. त्याने ते आम्हा दोघांसमोर उभं राहून द्यावं. मी बोईसरलाच आहे.