डब्यावर लिहिलं होतं : सर्व गाड्यांसाठी

माझी त्या वर्कशॉप डिटॅचमेंटला बदली झाली तेव्हा मी हवालदार होतो. व्हेइकल मेकॅनिक, सोळा वर्षांची सर्व्हिस. जागेचं नाव सांगत नाही. उंची तेरा हजार फूट. वर एक खिंड, खिंडीपलीकडे फील्ड हॉस्पिटल, अलीकडे आमचं वर्कशॉप, त्याच्याखाली दोन-तीन किलोमीटरवर पोस्ट. डिटॅचमेंटमध्ये आम्ही नऊ जण.

पहिल्याच दिवशी चहाच्या वेळी एक जण जवळ आला. "उस्ताद, मी पन नाशिककडचाच. पेठचा." लान्स नायक केशव गावित, ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर. मी दिंडोरी तालुक्यातला. चार लोकांत तो मला उस्ताद म्हणायचा, दोघंच असलो की दादा.

सहाला उठायचं. साडेसहाला सगळ्या गाड्या सुरू करायच्या, नाहीतर थंडीत इंजिन हात लावू देत नाही. केशव ॲम्ब्युलन्स सुरू करून पाच मिनिटं काहीच करायचा नाही, नुसता ऐकत बसायचा. ती गाडी ॲटोमॅटिक होती. क्लच नाही, त्यामुळे चढावर पेशंटला हिसके बसत नाहीत. अशा गिअरबॉक्समधलं ऑइल नुसतं वंगण नसतं. त्याच्या दाबाने आतल्या चकत्या एकमेकींना धरतात आणि इंजिनाची ताकद चाकांपर्यंत जाते. ऑइल चुकलं तर धरायच्या वेळी त्या घसरतात.

एका सकाळी गाडीखाली बर्फावर लाल डाग दिसला. हे ऑइल लालच असतं. सील गेलं होतं. अकरापर्यंत मी सील बदललं, पण निम्म्याहून जास्त ऑइल वाहून गेलं होतं. गाडी बनवणाऱ्याने सांगितलेलं ऑइल स्टोअरमध्ये एक लिटर शिल्लक. खालचा रस्ता बंद, सामानाचा कॉन्व्हॉय कधी येईल सांगता येत नव्हतं. कोपऱ्यात बाजारातून घेतलेला एक मोठा कॅन होता. त्यावर छापलं होतं, सर्व ॲटोमॅटिक गाड्यांसाठी योग्य.

मेजरसाहेब स्वतः आले.

"हे भर."

"सर, मॅन्युअलमध्ये ऑइलचा जो नंबर दिलाय तो या डब्यावर नाही."

"सर्व गाड्या लिहिलंय ना?"

"लिहिलंय, सर. आपल्या गाडीच्या ऑइलचा नंबर नाही लिहिलेला."

"मग काय करू?"

"गाडी ऑफ रोड ठेवा."

"आणि दुसरी ॲम्ब्युलन्स पलीकडे गेलेली असताना पोस्टवर कुणी आजारी पडला तर? खांद्यावर न्यायचा?"

साहेब वाईट माणूस नव्हता. त्याच्यावर पोस्टवरच्या सगळ्या माणसांची जबाबदारी होती. मी शिलकीतलं लिटर आणि तो कॅन आत ओतला आणि लॉगबुकमध्ये लिहिलं : शिफारस केलेलं ऑइल नाही, लांब चढाला गाडी वापरू नये. खाली सही. त्याखाली साहेबांची सही.

गाडी चालली. पाण्याच्या पॉइंटपर्यंत, पोस्टपर्यंत, दोन-तीन किलोमीटर. काही झालं नाही. पोरं चेष्टा करू लागली, "उस्ताद, ते मॅन्युअल द्या, शेकोटीला होईल." मी रोज लॉगबुकमध्ये तीच ओळ लिहीत होतो. पाचव्या दिवशी लिहिली नाही. मला कुणी मना केलं नव्हतं. गिअर जरा उशिरा पडतोय हे जाणवत होतं. मी ते थंडीवर ढकललं.

नवव्या दिवशी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी पोस्टवरून निरोप आला. एका जवानाच्या छातीत पाणी झालंय, तोंडाला फेस येतोय, ताबडतोब हलवा. ढग उतरलेले, हेलिकॉप्टर येणार नव्हतं. दुसरी ॲम्ब्युलन्स खिंडीपलीकडे हॉस्पिटलला गेलेली. केशवने पोस्टवरून पेशंटला घेतलं आणि नऊ चाळीसला वर्कशॉपवरून पुढे खिंडीकडे निघाला. मागे नर्सिंग असिस्टंट, ऑक्सिजनचे दोन सिलेंडर.

निघताना त्याने काच खाली केली. "दादा, जाईल ना वर?"

मी म्हणालो, "जाईल."

अकरा वाजून पाच मिनिटांनी रेडिओवर त्याचा आवाज आला.

"उस्ताद, इंजिन वरडतंय, पन गाडी फुडं सरकत नाय. ओव्हर."

"गिअरबॉक्सच्या तापमानाचा काटा कुठंय? ओव्हर."

"लालमधी. जळका वास येतोय. ओव्हर."

"पुढे ओढू नको. हँडब्रेक लाव. चाकांमागे लाकडी गुटके लाव. मी रिकव्हरी गाडी घेऊन निघतोय. ओव्हर."

"इथं सगळा बरफ हाय. नर्सिंगवाला पेशंटला धरून बसलाय. मी उतरतो. ओव्हर."

त्यानंतर मी दोनदा हाक मारली. उत्तर आलं नाही.

आम्ही बारा वीसला पोचलो. खिंडीच्या अलीकडचं शेवटचं वळण. पुढचं नर्सिंग असिस्टंटने सांगितलं. उजव्या चाकामागे केशवने गुटका नीट बसवला. डाव्या बाजूला गेला तेव्हा गाडी बर्फावरून मागे घसरायला लागली. बाजूला उडी मारता आली असती, जागा होती. तो ओरडला, "तू उतरू नको, ऑक्सिजन सोडू नको," आणि दुसरा गुटका चाकाखाली सारला. गाडी थांबली. थांबताना तिने त्याला कड्याच्या दगडावर दाबलं. दुसऱ्या बाजूला खोल दरी होती.

तो आम्ही यायच्या आधीच गेला होता. मी त्याचे हातमोजे काढून खिशात ठेवले. ते का केलं, मला माहीत नाही. पेशंटला रिकव्हरी गाडीत घेतलं आणि अडीचला हॉस्पिटल गाठलं. तो जगला.

गिअरबॉक्स मीच उघडला. चकत्या काळ्या ठिक्कर, ऑइल जळून घट्ट झालेलं.

चौकशी तीन दिवस चालली. एक अधिकारी चांगल्या मनाने म्हणाले, "हवालदार, गाडी बर्फावर घसरली. एवढं लिहिलं की सगळ्यांचं भागतं."

"घसरली बर्फावर, सर. उभी राहिली ऑइलमुळे."

"तू तर लिहून दिलं होतंस. तुझ्यावर काही येत नाही."

"चार दिवस लिहिलं, सर. पाचव्या दिवसापासून नाही. आणि तो निघताना मी जाईल म्हणालो. तेही लिहा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मी उभाच राहिलो. शेवटी त्यांनी लिहिलं. मला लेखी ताकीद मिळाली, प्रमोशन लांबलं. मेजरसाहेबांनीही हुकूम आपला होता हे स्वतः सांगितलं. त्यांचा मला राग नाही.

रजेवर आलो तेव्हा आधी घरी गेलो नाही. नाशिकच्या स्टँडवरून थेट पेठची बस धरली, पुढे डोंगरातल्या पाड्यापर्यंत चालत. केशवचे वडील ओसरीवर बसले होते. बायको दारात, दोन मुली तिच्या मागे. मी सगळं सांगितलं. ऑइलचं, लॉगबुकचं, पाचव्या दिवसाचं.

म्हाताऱ्याने सरकून मला ओसरीवर जागा केली. मग म्हणाला, "समदे हार घेऊन आलते. तुमी खरं घेऊन आलात." थोड्या वेळाने पुन्हा, "आता परत कुनाच्या गाडीत तसलं वतू नका."

"नाही ओतणार, बाबा."

आता मी निवृत्त आहे. नाशिकला अंबडमध्ये एका गॅरेजमध्ये गिअरबॉक्सचं काम बघतो. मागे एक खाजगी ॲम्ब्युलन्स आली, ॲटोमॅटिक, इगतपुरीच्या घाटातून पेशंट आणणारी. गॅरेजच्या मालकाने युनिव्हर्सल, म्हणजे तसल्याच सर्व गाड्यांसाठीच्या ऑइलचा कॅन पुढे सरकवला.

"भाऊ, हेच टाका. सगळं नाशिक हेच वापरतं. काही होत नाही."

"नऊ दिवस काही होत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मी ओतणार नाही."

लोकांना वाटतं मी कंपनीच्या शिक्क्याला भुलतो. चूक. दुसऱ्या कुणाच्याही डब्यावर मॅन्युअलमधला नंबर छापलेला असेल, गाडी बनवणाऱ्याने त्याला मंजुरी दिलेली असेल, तर मी बिनधास्त ओततो. पुष्कळदा तसं करतो. नुसतं "सर्वांसाठी योग्य" मला चालत नाही. योग्य कुणी ठरवलं? विकणाऱ्याने. मंजूर कुणी करायचं असतं? ज्याने गिअरबॉक्स बनवला त्याने.

मालक म्हणाला, "गिऱ्हाईक जाईल, भाऊ."

"जाऊ दे. नाहीतर मी जातो."

मी हात पुसले आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. अर्ध्या तासाने त्याने बरोबर ऑइल मागवायला फोन लावला. ते यायला दोन दिवस गेले. ॲम्ब्युलन्सवाला मला यथेच्छ शिव्या देऊन गेला. मी ऐकून घेतल्या. घाट त्याला चढायचाय, आणि मागे झोपलेला माणूस डब्यावरचं वाचू शकत नाही.

त्या दिवशी वाचलेला जवान आता दुसऱ्या राज्यात आपल्या गावी असतो. दर हिवाळ्यात तो नाशिकला येतो आणि आम्ही दोघं पाड्यावर जातो. केशवची थोरली मुलगी यंदा बारावीला आहे. शाळेच्या आवारात एक काळा दगड उभा केलाय, त्यावर केशवचं नाव आहे आणि खाली लिहिलंय, कर्तव्य बजावताना वीरमरण. तेवढंच लिहायला जागा होती. उरलेलं मी तिथल्या पोरांना उभं राहून सांगतो. लान्स नायक केशव गावित. वय अठ्ठावीस. उंची पाच फूट चार इंच. रजेवरून येताना नागलीचे, म्हणजे नाचणीचे, पापड आणायचा आणि सगळ्यांना वाटून स्वतःला ठेवायला विसरायचा. बाजूला व्हायला जागा असताना झाला नाही. गाडीत दोन माणसं होती. दोघंही जिवंत आहेत.