बळवंतरावांचा डावा हात

मोहना घाणेकर बडोद्यात सयाजीगंजजवळच्या एका कॉलेजात नर्सिंग शिकवायची. विषय मुलींना रटाळ वाटणारा, शुश्रूषेचे सिद्धांत. त्यातला स्वयंकाळजीचा सिद्धांत तिचा फार लाडका. रोग्याला जे जमतं ते त्यालाच करू द्यावं, नर्सनं अडेल तिथंच हात लावावा. नाहीतर सेवेनंच माणूस पांगळा होतो, असं ती दरवर्षी तळमळून सांगायची.

आणि सुभानपुऱ्यात घरी आली की रोज काय दिसायचं? बाबा खुर्चीत रेलून बसलेले आणि आई त्यांना खिचडी भरवतेय!

बळवंतरावांना दिवाळीच्या सुमारास लकवा झाला. उजवा हात गेला, पण डावा शाबूत होता, गिळायलाही त्रास नव्हता. डाव्या हातानं खाऊ द्या, असं डॉक्टरांनीच बजावलं होतं.

"आई, चमचा त्यांच्या हातात दे!"

"सांडतात गं."

"सांडू दे!"

"फरशी तू पुसतेस का?" कमलाबाई घास पुढे करत म्हणायच्या.

एका संध्याकाळी मोहनानं आईच्या हातातला चमचा काढून बाबांच्या डाव्या हातात कोंबला. बळवंतरावांनी वाडगा ढकलून दिला. "उपाशी मारतेस का मला?"

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "नर्स आहेस की फौजदार?"

दुसऱ्या दिवशी वर्गात यशश्रीनं विचारलं, "मॅम, पेशन्ट पोतेज ना पाडे तो?" रोगीच नाही म्हणाला तर!

"पुस्तकात आहे, वाच!" मोहना खेकसली आणि लगेच वरमली. पुस्तकात खरंच होतं. आधी माणसाच्या जुन्या सवयी समजून घ्या. घरी तिनं हे एकदाही केलं नव्हतं.

घरी आल्यावर लसूण सोलणाऱ्या आईला तिनं विचारलं, "लकव्याआधी बाबा स्वतःचं काय काय करायचे गं?"

कमलाबाई बघतच राहिल्या. "काय करायचे? पाण्याचा पेला कधी हातानं घेतला नाही त्यांनी. टॉवेलसुद्धा मी द्यायची. लकवा आत्ता आला, मोहना. हे दुखणं लग्नापासूनचं!"

मोहनानं कपाळाला हात लावला. सिद्धांत मांडणाऱ्यांनी बडोद्यातला नवरा पाहिलाच नव्हता!

"एक मात्र," आई हसू दाबत म्हणाली, "स्टेशनजवळ सेवउसळ खायला एकटेच जायचे. त्यांना वाटायचं, मला कळत नाही."

रविवारी मोहनानं सेवउसळ केली, पाव मऊ करून घेतला, वाडगा बाबांपुढे ठेवला आणि आईला ओढत स्वयंपाकघरात नेलं.

"तरी कुठंय?" बाहेरून आवाज आला.

"नाही मिळणार! रक्तदाब बघा आपला!"

बराच वेळ नुसतं पुटपुटणं. मग चमचा वाजला. पहिला घास सदऱ्यावर पडला. आई धावणार, तोच मोहनानं तिचा पदर धरला. दुसरा घास तोंडात गेला. अर्धा वाडगा संपवून बळवंतराव ओरडले, "सेव मऊ पडली!"

आता ते सकाळचा नाश्ता डाव्या हातानं करतात, भांगही पाडतात. संध्याकाळची खिचडी मात्र अजून कमलाबाईंच्याच हातची.

"पुन्हा भरवतेस?" मोहना परवा चिडलीच.

"ते जेवल्याशिवाय माझा घास उतरत नाही गं," आई म्हणाली. "माझ्या दुखण्यावर आहे का तुझ्या पुस्तकात काही?"

"दोघंही तसलेच!" म्हणत मोहना बाबांचा सकाळचा हळदीनं माखलेला सदरा भिजवायला निघून गेली.