रेघ तुटत होती

माझा दादा जन्मभर पाट्या रंगवत आला. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, ट्रकांच्या मागच्या. पुढे पाट्या छापून मिळू लागल्या आणि त्याचे ब्रश डब्यातच वाळून गेले. वर्षभर तो घरात नुसता बसून होता. जेवायला हाक मारली तरी दचकायचा. त्याला उठवलं ते त्याच्या सुनेने. ती घरीच कुकीज भाजून विकायची. एक दिवस साखरेच्या पांढऱ्या आयसिंगने भरलेला कोन तिने त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "बाबा, या कुकीवर नाव लिहून बघता?" तेव्हापासून गिऱ्हाइकं चवीपेक्षा अक्षरासाठी येऊ लागली आणि दादा पुन्हा माणसात आला. हेही काम हातचं गेलं तर तो परत उठायचा नाही, हे आम्हा दोघींना न बोलता ठाऊक होतं.

त्या दिवशी एका शाळेची ऑर्डर होती, प्रत्येक कुकीवर एका मुलाचं नाव. संध्याकाळी गाडी न्यायला येणार. मी ओव्हन सांभाळत होते. दुपार झाली तरी दादाचं एकही नाव धड उतरेना. रेघ निघायची, मध्येच वाकडी व्हायची आणि तुटायची.

"घट्ट झालंय," तो म्हणाला.

सुनेने थेंब थेंब पाणी घालून ते सैल केलं, तर अक्षरं पसरली. पुन्हा साखर घातली. "गुठळी अडकत असेल," म्हणत तिने ते पातळ फडक्यातून गाळलं. वाऱ्याने कोनाच्या तोंडाशी पापुद्रा धरतो म्हणून पंखाही बंद केला. तिघंही घामाने निथळत होतो, आणि रेघ तुटतच होती. दादा बिघडलेलं अक्षर सुरीने खरवडायचा, श्वास रोखायचा आणि पुन्हा कोन टेकवायचा. आमच्याकडे तो बघतच नव्हता.

माझं डोकं फिरायला फारसा वेळ लागत नाही. "साखरच भेसळीची आहे," मी म्हणाले. "त्या दुकानदाराला चांगला फैलावर घेते."

"आत्या, राहू द्या. मी दुसरं फेटते," सून घाईघाईने म्हणाली. एव्हाना दोन भांडी वाया गेली होती. तिच्या आवाजात काकुळती होती, पण रागाच्या भरात मला ती ऐकू आली नाही.

"आता परत कशाला फेटतेस? थांब, हे किती टाकाऊ आहे ते दाखवतेच," म्हणत मी दादाच्या हातातून कोन ओढून घेतला. शाळेत फुटपट्टी धरूनही मला कधी सरळ रेघ मारता आली नव्हती. एक करपलेली कुकी पुढे ओढली आणि कोन दाबत नेला.

रेघ या कडेपासून त्या कडेपर्यंत अखंड आली.

मला कोन खाली ठेवायचंही सुचेना. सुनेने मान वर केली नाही, भांड्यात चमचा फिरवत राहिली. दादाने ती कुकी उचलून उजेडात धरली आणि बराच वेळ पाहिली. त्याच्या बोटांत ती थरथरत होती.

"आयसिंग चांगलं झालंय," तो सुनेला म्हणाला. "सकाळचं पहिलं भांडंही चांगलंच होतं ना?"

तिचा चमचा थांबला.

"हो, बाबा," ती म्हणाली.